तबकडीवरचं ‘पारंपरिक’ आणि आपल्या वर्गातल्या मुलांच्या आज्या



परिपाठाला राज्यगीत तुमच्याही शाळेत होत असेल. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपलं राज्यगीत झालं, तेव्हापासून आमच्या अंबरनाथच्या शाळेतही सकाळी मोबाइल स्पीकरला जोडला जातो आणि मुलं ताठ उभी राहतात. मागच्या वर्षी जूनमध्ये सहावीच्या वर्गात मी सहज विचारलं, "हे रोज कोण गातं रे?" एकाने सांगितलं, "बाई, यूट्यूब." दुसऱ्याने लगेच त्याची चूक सुधारली, "यूट्यूब नाही काही, सरांचा मोबाइल गातो."

वर्ग हसला, मीही हसले. पण नंतर ते बोचत राहिलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज. तीन साधी नावं. मुलांना ती माहीत नव्हती, कारण आम्ही ती कधी सांगितलीच नव्हती. स्टाफरूममध्ये विचारून पाहिलं, तर तिथेही गीतकाराच्या नावाशी गाडी अडली.

हा लेख राज्यगीतावर नाही. लोकसंगीताच्या जुन्या रेकॉर्डवर आहे, त्या काळ्या तबकड्यांवर. आणि त्या तबकड्यांनी आपल्याला लावलेल्या एका सवयीवर आहे, जी सवय आपण शाळेतही बिनबोभाट चालू ठेवतो. माझ्याकडून तसं झालंय, ते पुढे सांगतेच.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील उल्हासनगरला जुन्या सामानाचा धंदा करतात. पालकसभेला आले ते हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच. "बाई, एका घराचं सामान उचललं, त्यात निघाल्या. नाहीतर भंगारात किलोवर जातील. शाळेच्या कामाला येत असतील तर ठेवा." खोक्यात तीसेक रेकॉर्ड होत्या. काही मोठ्या एलपी, काही छोट्या सात इंची, आणि तळाशी जाड, जड अशा दहा इंची जुन्या तबकड्या. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या होत्या, कोळीगीतांची एक छोटी रेकॉर्ड होती, पोवाडे होते, भजनं होती. तळाची एक तबकडी सिंधी निघाली. उल्हासनगरचं घर म्हटल्यावर तिचं नवल नव्हतं.

मुलांनी आधी कव्हरांचा वास घेतला. (हा टप्पा कुठल्याच पाठ टाचणात लिहिता येत नाही, पण चुकवू नका.) मग हाताळणं सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी दहा इंची तबकडी एकाच्या हातून निसटली. खाली पडली आणि सरळ दोन तुकडे. पोरगा रडवेला झाला. मी म्हटलं, अरे, आजचा धडा तूच काढून दिलास. एलपी पडली तर फार तर ओरखडा उठतो, मग ही काचेसारखी का फुटली?

तर गंमत बघा. ती जुनी तबकडी प्लास्टिकची नसतेच. ती लाखेची असते. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात, ते जो राळेसारखा थर सोडतात त्याची लाख. बांगड्यांना, दागिन्यांच्या आत भरायला जी वापरतात तीच. त्यात दगडाची पूड वगैरे मिसळून जगभरच्या तबकड्या बनत आणि ही लाख मोठ्या प्रमाणात आपल्या देशातून जायची. नंतर १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली ती विनाइलची, म्हणजे पाण्याचे पाइप ज्याचे होतात त्याच घराण्यातल्या प्लास्टिकची. हलकी, न फुटणारी आणि बारीक खाचांची. विज्ञानाच्या सरांनी पुढचा तास आनंदाने घेतला. पदार्थांचे गुणधर्म, ध्वनीची कंपनं, मिनिटाला ७८ फेरे आणि ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, सगळं एका फुटलेल्या तबकडीवर झालं.

मला त्या फेऱ्यांपेक्षा वेळेत जास्त रस होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. बस्स. म्हणजे गाणं कुठलंही असो, तीन मिनिटांत आटपायचं. एलपीवर बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, पण तोवर कानांना तीन मिनिटांच्या गाण्याची सवय झाली होती, आणि एलपीवरही बहुतेक तशीच सुटी गाणी एकापुढे एक लावलेली दिसतात.

आता आपलं लोकसंगीत आठवा. गोंधळ रात्रभर चालतो. तमाशात गण, गवळण, बतावणी होऊन वगाला तोंड फुटेपर्यंतच मध्यरात्र होते. विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी रंगमंचावर पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की एक माणूस एका कथेतून दुसऱ्या कथेत, गाण्यातून बोलण्यात कसा शिरतो आणि वेळेचं भान कसं सुटतं. तीन मिनिटांत तर संबळ वाजवणाऱ्याचा हातही नीट बसत नाही.

तरी मी रेकॉर्डला नावं ठेवणार नाही. लावणीचंच बघा. तमाशाच्या थिएटरची पायरी चढायची नाही असं ठरवलेल्या हजारो घरांत लावणी गेली ती रेडिओवरून आणि रेकॉर्डवरून, आणि त्यात सुलोचना चव्हाणांचा वाटा फार मोठा. डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या लावणी गायच्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. नाच नाही, अदा नाही, फक्त आवाज. समोर काही बघायलाच नसल्यामुळे लोकांनी पहिल्यांदा लावणी नीट ऐकली, असं माझी आई म्हणायची. मला ते पटतं.

कोळीगीतांची रेकॉर्ड वर्गात दाखवली तेव्हा बदलापूरहून येणारा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, हे आमचं गाणं आहे." त्याच्या घरी हळदीला ते वाजतं. मी त्याला कव्हर वाचायला दिलं. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. "यातलं कोळी कोण आहे?" त्याने पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "कोणीच नाही." थोडं थांबून म्हणाला, "पण आमचंच आहे." दोन्ही खरं आहे. शांताबाईंनी ते इतक्या जिव्हाळ्याने लिहिलं की दर्याकाठच्या लोकांनी ते आपलं मानलं. फक्त मुलांना हे कळायला हवं, की हे लोकगीताच्या वळणावर कवयित्रीने लिहिलेलं गाणं आहे आणि त्याच्या आजीच्या तोंडचं गाणं वेगळं आहे. दोन्ही गाणी वर्गात हवीत. आपल्या स्नेहसंमेलनांत वर्षानुवर्षं पहिलंच असतं, आणि दुसरं कुणाला आठवतही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रेकॉर्डच्या मधोमध जो गोल कागद चिकटवलेला असतो, लेबल, तो मुलांना वाचायला लावला. भाषेचा यापेक्षा सोपा उतारा सापडणार नाही. गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी, क्रमांक. मुलांनी वहीत तक्ता आखला आणि भरत गेली. तीन-चार गाण्यांत गीतकाराच्या जागी एकच शब्द आला. एका मुलीने हात वर केला. "बाई, हे पारंपरिक कोण? त्यांनी खूप गाणी लिहिलीत. पारंपरिक हे त्यांचं आडनाव आहे का?"

मी तिला समजावलं, की पारंपरिक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कुणी रचलं ते माहीत नसलेलं. ती म्हणाली, "पण कुणीतरी कंपनीला म्हणून दाखवलं असेल ना? त्यांचं नाव?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चालीला संगीतकाराचं नाव होतं, गाणाऱ्याचं नाव होतं, छापणाऱ्या कंपनीचं नाव सगळ्यांत मोठं होतं. ज्या बाईकडून किंवा बुवाकडून ते गाणं उतरवून घेतलं, त्यांच्यासाठी लेबलवर रकानाच नव्हता.

आमचे एक सहकारी यावर म्हणाले, "अहो, लोकगीत समाजाचं असतं. एकाचं नाव घालणं म्हणजेच उलट अन्याय." मला हे अर्धंच पटतं. शब्द समाजाचे असतील. पण आवाज एका माणसाचा असतो. कुठली ओवी आधी, कुठली नंतर, कुठे आपल्या पदरचा शब्द घालायचा, हेही त्या माणसाचंच असतं. आणि ज्या माणसांची नावं गळतात ती कोण असतात ते पाहा. बहुतेक बायका, बहुतेक कष्टकरी, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या. अन्याय होईल म्हणून त्यांचं नाव घालत नाही, असं म्हणायला मला तरी जीभ रेटत नाही.

यात एक फार बोलका प्रसंग आहे, तो मी मुलांना सांगितला. आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कलकत्त्याला. गाणाऱ्यांत होत्या गौहरजान. त्या वेळी इथे तबकड्या बनत नव्हत्या, मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिकडे तबकड्या निघायच्या. तिकडच्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता ते कळावं, म्हणून गाणं संपता संपता गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळ्या व्हायच्या. सोय म्हणून केलेली गोष्ट, पण त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही ती तबकडी लावली की बाई स्वतः आपलं नाव सांगतात. लेबल फाटू दे नाहीतर कव्हर हरवू दे. मुलांना हे इतकं आवडलं की आठवडाभर कविता म्हणून झाली की जो तो शेवटी आपलं नाव ठोकायचा.

सिंधी तबकडीचं लेबल मात्र आमच्यापैकी कुणालाच वाचता येईना. उर्दूसारखी दिसणारी अक्षरं. वर्गात कॅम्प चारमधून येणारी एक सिंधी मुलगी आहे, तिलाही येईना. ती घरी सिंधी बोलते, पण लिपी तिने कधी पाहिलीच नव्हती. तिने फोटो काढून आजोबांना दाखवला आणि दुसऱ्या दिवशी आजोबाच शाळेत हजर. मास्टर चंदर यांची रेकॉर्ड होती ती. फाळणीच्या आधी सिंधमध्ये त्यांच्या रेकॉर्ड घराघरांत वाजत, असं आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं.

रेकॉर्ड वाजवायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे ७८ चा वेग असलेला जुना रेकॉर्ड प्लेअर निघाला. ते तो रिक्षात मांडीवर घेऊन आले. सुई टेकली, खरखर झाली आणि त्या खरखरीतून आवाज आला. आजोबांनी डोळे मिटले. तीन मिनिटांनी गाणं संपल्यावर ते मुलांना हिंदीत म्हणाले, की हे तर फक्त तोंड झालं, खरी भगत रात्रभर चालते. मग त्यांनी भगत म्हणजे काय ते सांगितलं. पायात घुंगरू बांधलेला गायक, गाणं, नाच, कथा, प्रेक्षकांशी चेष्टामस्करी. संत कंवरराम यांच्याबद्दल सांगितलं. ते स्वतः असे भगत होते आणि १ नोव्हेंबर १९३९ ला रुक स्टेशनावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ चं आहे आणि त्याआधी तिथे लष्करी छावणी होती, म्हणून आजही ‘कॅम्प’ म्हणतात, हे मी दरवर्षी स्थानिक इतिहासात शिकवते. पण त्या छावणीत लोक उतरले तेव्हा ट्रंकेबरोबर काय काय आलं असेल, ते त्या दिवशी मुलांना समजलं. आजोबांच्या नातीने त्याच रात्री त्यांच्याकडून स्वतःचं नाव त्या लिपीत लिहून घेतलं.

आता माझी गोष्ट. मी राहते बदलापूरला आणि लोकलने पुढच्या स्टेशनाला नोकरीला येते. बदलापूरच्या आसपासच्या गावांत आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून पार पाडणारी अनुभवी बाई. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक कामाचा वेगळा धवला. तिने गायल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. एका अर्थी ती लग्नाची पुरोहितच. आणि हा शब्द आजकालचा नाही. तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले, आपण तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणून शिकवतो. तोच शब्द आमच्या गावातल्या मांडवात अजून जिवंत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा विषय होता ‘लोककला’. वर्गातल्या एका मुलीची आजी धवलारीण होती. मी मोठ्या उत्साहाने तिच्या घरी गेले. आजींनी चहा दिला, पदर सारखा केला, गायला सुरुवात केली. चार मिनिटं झाली, पाच झाली. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "आजी, थोडक्यात म्हणा ना. मुलींना स्टेजवर तीनच मिनिटं मिळणार आहेत." आजी म्हणाल्या, मधूनच कसं म्हणू, आधी देवांना बोलवावं लागतं. मी म्हटलं, देव राहू देत, हळदीचं तेवढं सांगा. त्यांनी सांगितलं. मी ते मोबाइलवर घेतलं, मुलींनी बसवलं, टाळ्या मिळाल्या. शाळेच्या हस्तलिखितातही आम्ही ते गाणं सुंदर अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, ‘पारंपरिक’.

हस्तलिखिताच्या प्रकाशनाला आजी आल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नातीने त्यांना पान उघडून दाखवलं, वाचून दाखवलं. आजींनी बोट ठेवून विचारलं, यात माझं नाव कुठे आहे? नात माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगितलं असेल? "आजी, हे पारंपरिक आहे ना, म्हणून नाव नसतं." आजींनी मान हलवली आणि पान मिटलं. बाई शिकलेली आहे, तिला माहीत असणार, असं त्यांना वाटलं असेल.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आजी गेल्या. मी तो जुना फोन शोधून काढला. मुद्रण सापडलं. एक मिनिट बावन्न सेकंद. त्यात पंख्याची घरघर आहे, कुकरची शिट्टी आहे, आणि शेवटी माझाच आवाज आहे, "हां आजी, पुरे पुरे." देवांना बोलवण्याचा धवला त्यात नाही. तो आता त्या घरात कुणालाच पूर्ण येत नाही.

म्हणजे तीन मिनिटांची अट घालणारी कंपनी मीच, आणि लेबलावरून नाव गाळणारीही मीच. कंपन्यांची निदान तबकडी छोटी होती हो. माझ्या मोबाइलमध्ये कित्येक तासांची जागा रिकामी होती.

म्हणून माझं म्हणणं आहे ते एवढंच. लोकसंगीताच्या रेकॉर्ड शाळेत जरूर आणा. हल्ली विनाइलची हौस परत आली आहे, नव्या रेकॉर्ड हजारांच्या घरात जातात, त्या विकत घेण्याची काही गरज नाही. तुमच्या गावातही कुणाच्या तरी माळ्यावर एक खोकं असेल. ती मुलांच्या हातात द्या, फुटली तर फुटू द्या. पण त्या रेकॉर्डकडे नमुना म्हणून बघताना ‘यात काय राहिलं नाही’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तास संपवू नका. कंपनीने जे विकलं जाईल असं वाटलं ते मुद्रित केलं. यात तिचा दोष नाही, तो धंदा होता. धवला विकला जाणार नव्हता, म्हणून तो राहिला घरात. आणि आता ती घरं आपल्या हजेरीपटावर आहेत.

हे काम शिक्षकांना नवीनही नाही. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडच्या खंड उभे केले. आणि अलीकडचं बघायचं तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव आहे, गाव आहे, बऱ्याच ठिकाणी फोटो आहे. वर्गात मी एका बाजूला रेकॉर्डचं लेबल आणि दुसऱ्या बाजूला ते पान दाखवते. मुलांना फरक सांगावा लागत नाही.

आम्ही गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गृहपाठ म्हणून हेच दिलं. प्रकल्पवही नको, कटिंग चिकटवणं नको, थर्माकोल तर मुळीच नको. घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाचं गाणं मोबाइलवर घ्यायचं. आधी विचारायचं, घेऊ का, शाळेत ऐकवू का. नाही म्हणाले तर नाही. सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या तोंडाने नाव, गाव आणि हे कुणाकडून शिकले ते सांगायचं. मग गाणं जेवढा वेळ चालेल तेवढा वेळ चालू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. ही शेवटची अट मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. ती कुणासाठी होती ते तुम्हाला कळलंच असेल.

सगळं गोड झालं असं नाही. एकतीसपैकी सतरा मुलांनी आणलं. दोघांनी सरळ यूट्यूबवरचं गाणं दुसऱ्या मोबाइलने मुद्रित करून आणलं, ते पंख्याच्या आवाजासकट मी ओळखलं. एका आईने फोन करून विचारलं, "बाई, याचे मार्क किती?" एका मुलाने काहीच आणलं नाही आणि कारणही सांगेना. महिन्याभराने तोच डबा खाताना म्हणाला, की आजोबांचं कव्वालीचं पथक होतं, ते भीमगीतं गायचे, पण वर्गात ऐकवलं तर मुलं काय म्हणतील. वामनदादा कर्डकांची आणि प्रल्हाद शिंदे यांची नावं त्याला पाठ होती, वर्गात ती घ्यायला तो बिचकत होता. पालकहो, हे तुमच्यासाठी आहे. घरातलं गाणं शाळेत न्यायची मुलांना लाज वाटते किंवा भीती वाटते, ती आपण मोठ्यांनीच कुठेतरी पेरलेली असते. आणि शिक्षकहो, ते आपल्यासाठीही आहे. अशा मुलाला पुढे ढकलू नका. मी त्या महिन्यात आधी प्रल्हाद शिंदे यांची एक रेकॉर्ड वर्गात वाजवली, नुसती वाजवली, काही भाष्य केलं नाही. पुढच्या सोमवारी आजोबांचं मुद्रण आलं. खोकला येत होता त्यांना मधूनमधून. नाव मात्र खणखणीत सांगितलं होतं, पथकाच्या नावासकट.

अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, हा प्रश्न तुम्ही विचाराल. बरोबर आहे. आमचं भूमितीचं एक प्रकरण लांबलं. पण मराठी, परिसर अभ्यास, विज्ञान आणि संगीत यांचे तास त्यात भागले, हेही तितकंच खरं. आणि मुद्रणं यूट्यूबवर टाकू या, शाळेची जाहिरात होईल, अशी सूचनाही आली. मी नाही म्हटलं. ज्यांनी वर्गासाठी दिलंय त्यांनी जगासाठी दिलेलं नाही. विचारू, हो म्हणाले तर टाकू, नावासकट टाकू.

ज्या घरात देवांना बोलवण्याचा धवला हरवला, त्या मुलीची धाकटी बहीण आता आमच्याकडे सहावीत आहे. मी तिला काही सांगितलं नव्हतं. यंदा बदलापूरजवळच्या एका गावात तिच्या मावसभावाची हळद होती. डीजे होताच, तो असायचाच, पोरं नाचणारच. पण मांडवाच्या दिवशी पहाटे शेजारच्या गावच्या एक वयस्कर धवलारीण आल्या होत्या. हिने त्यांना विचारलं, फोन उभा करून ठेवला आणि बाजूला गप्प बसली. सोमवारी माझ्याकडे आली, "बाई, व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाहीये, फाइल मोठी आहे." एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पेनड्राइव्हवर घेऊन मधल्या सुट्टीत ऐकायला बसलो. आधी कोंबडा आरवतो, कुणीतरी पातेलं सरकवतं. मग त्या आजी आपलं नाव सांगतात, गावाचं नाव सांगतात, सासूकडून शिकले म्हणतात, आणि सासूचंही नाव सांगतात. मग देवांना बोलवायला लागतात.